साडेचारशे रुपयांचा पोलारिमीटर : माझा अनुभव

मी शिकवतो ते कॉलेज उसाच्या पट्ट्यातलं. 'पोल' हा शब्द इथल्या पोरांच्या कानावरून गेलेला असतो. रसात साखर किती, हे कारखान्याच्या लॅबमध्ये त्यावरूनच काढतात. पण हा आकडा साखर एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं ते प्रतल किती अंश वळवते त्यावरून येतो, हे त्यांना ठाऊक नसतं. दाखवायचं तर हे वळण मोजणाऱ्या आमच्या पोलारिमीटरचा सोडियम दिवा उडालेला. म्हटलं, आपणच करू.

सामान साधं: लाल लेझर, पोलरॉइडचे (एकाच प्रतलातला प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्मचे) दोन तुकडे, वीस सेंटीमीटर पीव्हीसी पाईप, टोकांना काचपट्ट्या, गोल चांदा, एलडीआर (प्रकाशाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर) आणि तो रोध मोजायला मल्टीमीटर. पहिल्या दिवशी अ‍ॅरल्डाइट नीट वाळलं नव्हतं, सगळा पाक टेबलावर. दुसऱ्या दिवशी लेझरचा ठिपका भिंतीवर लोळायला लागला. साखर नीट ढवळली गेली नव्हती. पाकाच्या दाट-पातळ थरांतून किरण वाकत होता.

खरी अडचण वेगळीच होती. दोन पोलरॉइड एकमेकांना काटकोनात आले की प्रकाश अडतो; पाक भरल्यावर ही काळोखी जागा जेवढी सरकते तेवढं साखरेचं वळण. मी दुसरं पोलरॉइड फिरवून ही सगळ्यात काळोखी जागा शोधायचो आणि दर वेळी दोन-तीन अंशांनी चुकायचो. मालसच्या नियमाने (दोन पोलरॉइडमधल्या कोनावरून पलीकडे किती प्रकाश जातो ते सांगणारा) हे व्हायचंच. काळोखापासून दोन अंश सरकलं तरी जेमतेम ०.१२ टक्के प्रकाश येतो. एवढ्यात आमच्या एलडीआरला काय कळणार? मग काळोखाचा नाद सोडला. त्याच्या डावीकडे वीसेक अंशांवर मीटरचा आकडा टिपायचा, उजवीकडे तोच आकडा जिथे येईल तो कोन घ्यायचा आणि दोन्ही कोनांची सरासरी काढायची. एलडीआर सरळ रेषेत वागत नाही, पण इथे त्याने काही बिघडत नाही, कारण आकडा दोन्हीकडे सारखाच. चूक अर्ध्या अंशावर आली.

२६ ग्रॅम साखर, द्रावण १०० मिली. पुस्तकाप्रमाणे ३४.६ अंश यायला हवे होते, आले २८. दोन दिवस पाईप मोजत बसलो. मग ट्यूब पेटली: पुस्तकातला आकडा सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाचा, ५८९ नॅनोमीटरचा. आमचा लेझर ६५० चा, आणि लाल प्रकाश साखरेत कमीच वळतो. १३ ग्रॅमला बरोबर १४ अंश आले तेव्हा जिवात जीव आला.

परवा एका पोराने ताजा रस आणला. इतका गढूळ, की किरण पलीकडे पोचलाच नाही. लॅबमध्ये तो शिशाच्या क्षाराने निवळतात. ते विष वर्गात नको. सध्या तुरटी टाकून बघतोय.