सुट्ट्या जर्मनीत, प्रार्थना टेक्सासात

आमच्या खानापूर भागात एक वाक्य फार सहज बोललं जातं. "तिकडं देवधर्म काही उरला नाही." तिकडं म्हणजे युरोप, अमेरिका, सगळं आलं. माझी लेक जर्मनीत स्टुटगार्टला असते आणि बहिणीचा मुलगा टेक्सासात, डॅलसजवळ. दोघांकडंही राहून आल्यापासून हे वाक्य कानावर पडलं की मला गप्प बसवत नाही. या दोन ठिकाणी देवाबद्दल इतका फरक आहे की एकाच "तिकडं"मध्ये तो मावत नाही.

नुसत्या सुट्ट्यांची यादी बघा. जर्मनीत गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार, सगळ्याला सरकारी सुट्टी. रविवारी दुकानं बंद, आणि त्या विश्रांतीला राज्यघटनेचंच संरक्षण. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या यादीत मात्र धार्मिक सण एकच, नाताळ. यादीवरून कुणीही म्हणेल, जर्मन लोक जास्त भाविक.

आता प्रत्यक्ष काय दिसलं ते सांगते. भाच्याच्या घरी मी पोहोचले त्याच आठवड्यात शेजारच्या बाई घरी केलेला केक घेऊन आल्या. नाव-गाव झालं आणि लगेच पुढचा प्रश्न, तुम्ही कुठल्या चर्चला जाता? भाच्यानं सांगितलं, आम्ही हिंदू आहोत, ही माझी मावशी, विठ्ठलाची माळकरी आहे. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मी गुडघा धरून उठत होते ते त्यांनी पाहिलं. "मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" म्हणाल्या, आणि व्हरांड्यातच माझे दोन्ही हात हातात घेऊन, डोळे मिटून, माझं नाव आणि माझ्या डाव्या गुडघ्याचं दुखणं देवाला मोठ्यानं सांगितलं. मला इंग्रजी सगळं कळलं नाही, पण त्या अगदी मनापासून मागत होत्या एवढं कळलं. मी मनात विठ्ठलाचं नाव घेतलं.

स्टुटगार्टमध्ये माझ्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेबद्दल कुणी एका शब्दानं विचारलं नाही. माणसं प्रेमळ, जिना चढताना हात देणारी. पण देव हा तिथं ज्याचा त्याचा खाजगी मामला, विचारणं म्हणजे आगाऊपणा. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेनं 2018 मध्ये जे आकडे मांडले त्यात अमेरिकेतले 55 टक्के प्रौढ रोज प्रार्थना करतो म्हणाले होते, ब्रिटनमध्ये 6 टक्के. आणि ब्रिटनमध्ये तर राजा स्वतः चर्चचा प्रमुख असतो, 26 बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात!

माझ्या मते मेख इथंच आहे. युरोपात देव सरकारनं सांभाळला. जर्मनीत तुम्ही चर्चचे सभासद असाल तर तुमच्या आयकरावर आणखी 8 किंवा 9 टक्के चर्चकर बसतो, आणि तो पगारातूनच परस्पर कापला जातो. लेक तिथं राहायला गेली तेव्हा पत्ता नोंदवतानाच धर्माचा रकाना आला होता. सभासदत्व सोडायचं तर सरकारी कचेरीत जाऊन सही करायची. 2022 या एका वर्षात कॅथलिक चर्च सोडणारे 5 लाखांहून जास्त होते. पाद्र्यांनी मुलांवर केलेल्या अत्याचारांची प्रकरणं हे त्याचं मोठं कारण, आणि तो संताप रास्तच आहे. पण लेकीची एक सहकारी सांगत होती, "चर्चनं माझ्याकडं पैशाशिवाय कधी काही मागितलंच नाही." हे मला फार लागलं.

अमेरिकेत उलट. 1791 च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं केंद्र सरकारला अधिकृत धर्म ठरवायला बंदी केली. मॅसॅच्युसेट्स राज्यानं तर चर्चसाठी कर घेणं 1833 पर्यंत चालवलं, मग तेही थांबलं. तेव्हापासून प्रत्येक चर्च लोकांनी उभं करायचं, लोकांनी चालवायचं. मेथॉडिस्ट पंथ जन्मला इंग्लंडात, पण फोफावला अमेरिकेत, कारण त्यांचे उपदेशक तुटपुंज्या मानधनावर घोड्यावरून वस्त्यावस्त्यांत फिरले. आपल्या बेळगावात याची खूण आहे. इथं 1820 मध्ये मिशन सुरू केलं ते लंडन मिशनरी सोसायटीनं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते हाती घेतलं अमेरिकेच्या मेथॉडिस्टांनी. बेननस्मिथ शाळेवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

हे मला समजलं ते आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहामुळं. घरटी पट्टी बसते, कुणी तांदूळ देतो, कुणी भाकऱ्यांची जबाबदारी घेतो, आणि विण्याचा पहारा वाटून दिलेला असतो. पहाटे दोन ते चारचा पहारा ज्याच्या वाट्याला येतो तो झोपू शकत नाही, कारण विणा खाली ठेवायचा नसतो. त्या माणसाला सप्ताह आपला वाटतो. टेक्सासातलं चर्च मी पाहिलं ते हुबेहूब असंच होतं. शेजारीणबाईंच्या यजमानांचं ऑपरेशन झालं तेव्हा चर्चमधल्या बायकांनी जेवणाचे वार वाटून घेतले, रोज संध्याकाळी कुणीतरी डबा घेऊन दारात. तिथं औषधपाण्याचा खर्च माणसाला बुडवू शकतो, म्हणून चर्चचा आधार लागतोच. जर्मनीत विमा सगळ्यांना सक्तीचा, दवाखान्याच्या बिलाची तशी धास्ती नाही. अभ्यासक हेही कारण देतात आणि मला ते पटतं.

पण सरकारनं हात घातला की श्रद्धा आटते असा सरसकट नियम करता येत नाही. आमची सौंदत्तीची यल्लम्मा मुजराई खात्याकडं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या देवस्थान खात्याकडं आहे, आणि पौर्णिमेला डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. मराठी, कन्नड दोन्ही बोलणारे तिथं भंडारा उधळतात. युरोपातही पोलंड आणि आयर्लंड कितीतरी काळ भाविक राहिले, कारण परक्या सत्तेखाली चर्च हीच त्यांची ओळख होती. सीमाभागात जन्म गेलेल्या माझ्यासारखीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आयर्लंडात आता तेही ओसरलं. तिथं 1995 मध्ये जेमतेम मतांनी घटस्फोटाला परवानगी मिळाली, आणि 2018 मध्ये गर्भपातावरची बंदी मोठ्या बहुमतानं उठली.

अमेरिकाही बदलते आहे. 2023-24 च्या पाहणीत रोज प्रार्थना करणारे 44 टक्क्यांवर आले होते. भाच्याची मुलगी सांगते, तिच्या वर्गातली बरीच मुलं चर्चला जात नाहीत, राजकारणी लोक देवाचं नाव फार घेतात म्हणून.

आणि जर्मनीत सगळं कोरडं आहे असंही समजू नका. नातू जातो ती बालवाडी चर्चची आहे. 11 नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस. आपला झगा तलवारीनं अर्धा कापून भिकाऱ्याला देणारा तो सैनिक. मुलं कागदाचे कंदील करतात आणि अंधारात गाणी म्हणत फिरतात. चर्च सोडलेले आईबाप त्या मिरवणुकीत होते, मुसलमान आईबाप होते, माझी लेक होती. गाणी बहुतेक सगळ्यांना पाठ होती.

हे आत्ता लिहायला बसले त्याला कारण आहे. आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघालाय आणि कमिटीतल्या मंडळींचं म्हणणं, पट्टी कशाला, सरकारी अनुदान आणू, एका झटक्यात काम होईल. वाद टाळण्यासाठी बायकांनी बैठकीत बोलू नये असं कुणी म्हटलं नाही, म्हणून येत्या एकादशीला मी बोलणार आहे. स्लॅब दोन वर्षं उशिरा पडला तरी चालेल, पण घरटी पट्टी राहू द्या, आणि ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांचे हात घ्या, असं सांगणार आहे. माझ्या घरची पट्टी मी आधीच खजिनदारांकडं देऊन पावती घेतली आहे.