उधाणाची रात्र आणि उजवीकडचं स्टिअरिंग

२१ जुलै, रविवार. रात्रीचे सव्वादोन.

दुपारपासून धार धरून पाऊस. त्यात आज गुरुपौर्णिमा, म्हणजे खाडीला उधाणाची भरती. आणि उद्या बावीस जुलै, २०२१ च्या महापुराची तारीख. चिपळुणात राहणाऱ्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. जेवणं उरकल्यावर हिने तांदळाचा डबा, सिलिंडर आणि कागदपत्रांची बॅग वर न्यायला घेतली, मी माझे पिक्चर. तीन पावसाळ्यांत ही वाटणी आपसूकच ठरून गेली आहे. (सिलिंडरला शेवटी मीच हात लावतो, हेही लिहून ठेवतो, नाहीतर ही वही तिच्या हाती लागली की पंचाईत.)

पिक्चर म्हणजे डीव्हीडी आणि ब्लू-रे. जवळजवळ सगळे अमेरिकन, काळे-पांढरे, चाळीस-पन्नासच्या दशकांतले. फिल्म न्वार. हे नाव फ्रेंच समीक्षकांनी १९४६ साली ठेवलं. काढणाऱ्यांना आपण 'न्वार' काढतोय याचा पत्ताच नव्हता, ते आपले खुनाचे, फसवणुकीचे पिक्चर काढत होते. हिच्या भाषेत 'तुमचे अंधाराचे पिक्चर'. तिचं म्हणणं, आपल्या 'सी.आय.डी.'त काय कमी आहे? काहीच कमी नाही. पण त्याची जी डीव्हीडी मला मिळाली तिच्यात कोपऱ्यात कंपनीचा शिक्का पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत चिकटलेला आहे. वहिदाच्या पहिल्या हिंदी पिक्चरमध्ये मी तिच्याकडे बघू की शिक्क्याकडे?

मला हा नाद लागला तो केबलमुळे. नव्वदच्या दशकात कार्टून संपली की त्याच चॅनेलवर रात्री टीएनटी लागायचं, आणि त्यावर हॉलिवुडचे जुने पिक्चर. मुलगी झोपायची, मी बसायचो. एका रात्री अर्ध्यातून 'आउट ऑफ द पास्ट' लागला. आडगावात पेट्रोल पंप चालवणारा रॉबर्ट मिचम, त्याच्या पंपावरचा मुका-बहिरा पोरगा, आणि कुठूनतरी जुनं येणं वसूल करायला आलेली माणसं. इंग्रजी निम्मं कळलं असेल. पण पुढच्या आठवड्यात मी कोऱ्या कॅसेटी घेऊन आलो आणि टेप करायला लागलो.

पुढे कळलं की माझ्या धंद्यावरही एक पिक्चर आहे. मी विमा एजंट. बिली वाइल्डरच्या 'डबल इंडेम्निटी'तला (१९४४) वॉल्टर नेफही विमा एजंट. आमच्या पॉलिसीवर दुहेरी अपघात लाभ असतो ना, तेच कलम. साध्या अपघातात मरण आलं तर पन्नास हजार डॉलर, रेल्वेच्या अपघातात आलं तर एक लाख. म्हणून बाईच्या नवऱ्याला मारून तो रेल्वेतून पडला असं भासवायचा बेत. बाकीचे लोक त्यात बार्बरा स्टॅनविकच्या पायातली साखळी बघतात. मी बघतो तो एडवर्ड जी. रॉबिन्सनचा कीज, क्लेमचा साहेब. आत्महत्या किती प्रकारांनी होते याचे तक्ते त्याला तोंडपाठ. वरचा साहेब ही आत्महत्याच म्हणून बसलेला असताना हा सांगतो की एवढ्या तक्त्यांत ताशी पंधरा मैलांनी जाणाऱ्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी टाकून जीव दिल्याची एकसुद्धा नोंद नाही. तो प्रसंग आमच्या ट्रेनिंगमध्ये दाखवायला हवा. खिडक्यांच्या पट्ट्यांमधून अंगावर पडणारं ते गजांसारखं ऊनही याच पिक्चरने गाजवलेलं, पुढे अनेकांनी उचललेलं.

हा पिक्चर मी तीनदा विकत घेतला आहे. पहिली प्रत युरोपातली, सगळ्यांचे आवाज किंचित चिरके. कारण फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची आणि तिकडचा टीव्ही २५ चा, म्हणून अख्खा पिक्चर चार टक्के पळवतात. कीज आधीच भरभर बोलतो, त्यात हे. दुसरी प्रत भाच्याने अमेरिकेतल्या एडिसनहून आणली. ती आमच्या प्लेअरमध्ये लागेना, कारण डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालायची याचा आकडा ठरलेला असतो, रीजन; भारताचा पाच आणि अमेरिकेचा एक. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला रीजन बदलता येतो, पण पाचच वेळा. या डिस्कसाठी एक, त्या डिस्कसाठी दोन असं करता करता माझे पाचही बदल संपले आणि ड्राइव्ह कायमचा विलायती होऊन बसला. शेवटी रिमोटवर एक आकडा दाबला की सगळे रीजन उघडतात असा प्लेअर मुंबईहून आणला. अजून तोच आहे.

२०२१ ला पाणी पहाटे शिरलं. भिंतीतल्या कपाटाचे खालचे चार कप्पे गेले. पाणी उतरल्यावर गाळात हात घालून एकेक डबी काढली. कॅसेटी गेल्याच. आतली पुस्तकं, ज्यांत कुणाकुणाचे निबंध आणि फोटो, त्यांचा लगदा झाला होता. डिस्क मात्र बऱ्याचशा वाचल्या. बादलीत साबणाचं पाणी केलं, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. गोल ओरखडा डेटाच्या वाटेवरच पडतो, मग डिस्क अडकते. पुसून झाल्या की भोकातून सुतळी ओवून, मध्ये चिमटे लावून गॅलरीत टांगल्या. समोरचे काका गाळाचं घमेलं घेऊन चालले होते. थांबले, बघितलं, म्हणाले, "वानरांसाठी काय?" पाच दिवसांत मी पहिल्यांदा हसलो.

तेव्हा वाचनमंदिरातली भिजलेली पुस्तकं बघून आलो होतो, त्यामुळे माझ्या डब्यांचं दुःख कुणाला सांगायची लाजच वाटली. दिवसभर लोकांचे क्लेम भरत होतो. आमच्या घरातल्या सामानाचा विमा? एजंटाच्या घरी नसतो.

हिशेब असा: दोनशे सहा डिस्कपैकी एकोणतीस मेल्या. त्यातल्या बऱ्याच घरगुती बर्न केल्यासारख्या जांभळट पाठीच्या, मागणी येईल तशी एकेक काढून देतात त्या. छापील डीव्हीडी म्हणजे जेमतेम ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या डिंकाने चिकटवलेल्या, ज्यांचा डिंक पक्का त्या तगल्या. दोन तर पुरात न भिजताच मेल्या, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कडेने ढगाळ होत होत. त्यांचं काय करायचं?

वाचलेल्या आता पांढऱ्या पाकिटांत आहेत, वर मार्करने माझ्या अक्षरात नावं. कपाट बघणाऱ्याला वाटेल की कोर्टातले मुद्देमाल.

तर आज ती पाकिटं वर नेताना 'डीटूर' हाताला लागला. म्हणजे दोन 'डीटूर'. एक मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर घेतलेला, एका डिस्कवर चार पिक्चर. या पिक्चरच्या कॉपीराइटचं कुणी नूतनीकरणच केलं नाही, त्यामुळे ज्याला हवं त्याने मिळेल त्या प्रिंटवरून काढून विकला. दुसरा २०१९ चा ब्लू-रे. त्याची कथा वेगळीच. चांगली प्रिंट सापडली बेल्जियमच्या संग्रहालयात, पण तिच्यावर फ्रेंच आणि फ्लेमिश उपशीर्षकं कायमची उमटलेली. ती कॉम्प्युटरवर पुसून काढून २०१८ मध्ये पिक्चर पुन्हा उभा केला. अडुसष्ट मिनिटांचा पिक्चर. म्हटलं, भरती एकच्या सुमाराला, तोवर होईल.

एडगर उल्मरने १९४५ मध्ये हा अक्षरशः भिकेवर काढला. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नाहीत, म्हणून धुकं सोडलं, धुक्यात एक दिवा आणि रस्त्याच्या नावाच्या पाट्या. झालं न्यूयॉर्क. फुटपाथवाल्या डिस्कमध्ये ते धुकं कुठे संपतं आणि झिजलेली प्रिंट कुठे सुरू होते हे कळायचंच नाही, मला वाटायचं सगळं शहरच असं विरलेलं. नव्या प्रतीत धुक्याला पोत आहे, पाटीला कडा आहे, आणि काळा खरोखर काळा आहे, राखाडी नाही. चांगलंच आहे. तरी ती विरलेली रात्र मला थोडी आठवते, हे कबूल करतो.

पण गंमत स्टिअरिंगची. नायक हात दाखवत, मिळेल त्या गाडीने न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघतो. नकाशावर पश्चिम डावीकडे, तेव्हा माणूसही पडद्यावर उजवीकडून डावीकडे जायला हवा. काही शॉट उलटे घेतले गेले होते, मग निगेटिव्हच फिरवून टाकली. त्यामुळे अमेरिकेतल्या गाड्या डाव्या बाजूने धावतात आणि ड्रायव्हर उजवीकडे बसतो. फुटपाथवाली डिस्क मी निदान पंधरा वेळा लावली असेल. मला कधी, एकदाही, खटकलं नाही. खटकणार कसं? मुंबई-गोवा हायवेवर उभं राहिलं की हेच दिसतं. भाचा मागे आला होता तेव्हा चहाचा कप घेऊन दोन मिनिटं उभ्या उभ्या बघत होता. म्हणाला, "मामा, ही गाडी इंग्लंडची का?" तेव्हापासून ते शॉट आले की मी सावरून बसतो, आणि दर वेळी त्या अर्ध्या मिनिटात हा अमेरिकन माणूस मला आपल्याकडचा वाटतो.

आज तिथवर गेलो, पुढे पाऊसही आला. पिक्चरमध्येही. नायक दुसऱ्याची गाडी चालवतोय, मालक शेजारी झोपलेला. पाऊस लागतो म्हणून टप चढवायला थांबतो, दार उघडतो, मालक कलंडून बाहेर पडतो, डोकं दगडावर. मेलेला. आणि हा शहाणा, आपल्यावर कोण विश्वास ठेवणार म्हणून प्रेत झाडीत लपवून त्याचे कपडे, पैसे, नाव घेऊन पुढे निघतो. माझ्यातला एजंट दर वेळी ओरडतो: अरे, पंचनामा होऊ दे! पण नंतर असंही वाटतं की ही गोष्ट हा आपल्याच तोंडून सांगतोय, दुसरा साक्षीदार नाही. कीजसमोर ही केस आली असती तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता, दार उघडायची गरजच काय होती?

इथे लाइट गेली.

इन्व्हर्टरवर वरच्या मजल्याचे दिवे आणि एक पंखा, बाकी काही नाही. खाली मिट्ट. ही जिन्यातून टॉर्च मारत आली. ग्रुपवर मेसेज होता, पाणी बाजारपुलाशी अजून खाली आहे, पण भरती लागलेली. सगळी पाकिटं वर पोचली होती. एकच राहिली, प्लेअरच्या पोटातली. आणि लाइटशिवाय ट्रे उघडत नाही. पिनेचं भोक शोधलं, असलं काही त्याला नाही.

वायरी काढल्या आणि अख्खा प्लेअर काखोटीला मारला. जिन्यात ही पुढे टॉर्च घेऊन, मी मागे. टॉर्चच्या उजेडात कठड्याच्या गजांच्या सावल्या भिंतीवर आडव्यातिडव्या पळत होत्या. मी दोन पायऱ्या थांबलोच.

"काय झालं?"

"काही नाही. जरा टॉर्च तशीच धर."

"अहो, चला वर," ती म्हणाली. "बेसिनवरून टॉवेल आणायचाय अजून."

दीडला भरती ओसरायला लागली. पाऊस चालूच आहे. प्लेअर गादीवर, माझ्या उशाशी.