कौतुकाचा फोन आणि फिका पडलेला ॲक्रोपोरा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीच्या मालकांचा फोन आला. तक्रार नव्हती, कौतुक होतं. टाकीवरच्या टी५ नळ्या (बारीक ट्यूबलाइट) काढून एलईडी बसवल्याला तीन आठवडे झाले होते आणि ॲक्रोपोरा, म्हणजे फांद्यांचं कोरल (प्रवाळ), म्हणे असा कधी चमकलाच नव्हता. मला बोलावलं होतं स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारं यंत्र) घरघरतोय म्हणून. हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचलं होतं. कोमट पाण्यानं धुतलं, मिटलं.

मग सवयीनं एलईडीचे निळे चॅनेल बंद करून फक्त पांढरा लावला. निळ्याखाली हिरव्याकंच दिसणाऱ्या फांद्या वरून जवळजवळ पारदर्शक, आतला सांगाडा दिसत होता. सावलीतल्या बाजूचा तपकिरी रंग मात्र शाबूत. म्हणजे मार वरून, उजेडाचा. बुडापासून मांस सोलून येत असतं तर दुखणं वेगळं. इथे पॉलिप (कोरलचे इवले जीव) बाहेर आलेले होते. खारेपणा ३५ पीपीटी, अल्कलिनिटी (पाण्याची क्षारता) ८.२ डीकेएच, तापमान २५.५ अंश. पाण्याला दोष देता येईना.

मालकांनी फोनवरचं लक्स ॲप पुढे केलं. "अहो, उजेड तर आधीपेक्षा कमीच आहे!" आकडा कमी होता खराच, पण लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप. ५५५ नॅनोमीटरचा हिरवा डोळ्याला जेवढा जाणवतो, त्याच्या जेमतेम ४ टक्के ४५० चा रॉयल ब्लू जाणवतो. कोरलच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारं तपकिरी शेवाळ नेमका तोच पट्टा खातं. पार मीटरचा, म्हणजे शेवाळाला वापरता येणारा उजेड मोजणाऱ्या यंत्राचा, सेन्सर पाण्यात सोडला: दगडाच्या माथ्यावर ५४०, वाळूवर १६०. नळ्यांच्या वेळचा माथ्यावरचा आकडा वहीत होता, २३०.

बसवणारा सगळे निळे चॅनेल १०० टक्क्यांवर ठेवून गेला होता. त्या टक्क्यांना तसा अर्थच नसतो. एका दिव्याचे ४० दुसऱ्याच्या ९० ला भारी पडतात. मीटर न लावता दिवे बसवणाऱ्यांबद्दल मी फार बोलत नाही, चिडचिड होते.

डोक्यातून जात नाही ती ती चमक. उजेडाच्या माऱ्यानं पेशींतलं शेवाळ निघून गेलं की निळा उजेड शोषायला कोणी उरत नाही. तो पांढऱ्या सांगाड्यावरून परतून मांसातच फिरतो आणि कोरल आपली चमकणारी प्रथिनं वाढवतं. रंगीत ब्लीचिंगमागची (शेवाळ गमावलेलं कोरल पांढरं न दिसता भडक चमकतं, त्यामागची) ही साखळी साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडली. मालक हौसेनं फोटो काढत होते तेव्हा कोरल उपाशी पडत होतं.

दिवे १० सेंटीमीटर वर घेतले, निळे ४० टक्क्यांवर, पांढरा १० वर. मीटरवर माथा १८० ला आला. आठवड्याला फार तर ५ टक्के वाढ, तीही २५० पर्यंतच. पूर्ण उजेड ६ तास, चढ-उताराला दोन-दोन तास. कोरल जागचं हलवायचं नाही. शेवाळाची खतं, नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास. शून्यावर नेलं तर शेवाळ परत वस्तीला येताना अडखळतं.

सहा आठवड्यांनी फांद्यांच्या बुडाकडून तपकिरी झाक वर चढलेली दिसली. दोन टोकं गेली, त्यांवर हिरवी बुरशी धरावी तसं केसाळ शेवाळ आलंय. मालक अजून विचारतात, पहिल्यासारखा चमकेल कधी?