पाडव्याच्या दिवशीचे देवगड बंदर

2019 च्या दिवाळीत मी देवगड परिसरात काम करत होतो. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून येणारे समुद्रस्थितीचे इशारे आणि हवामान खात्याचे अंदाज मच्छीमारांना समजतील अशा मराठीत उतरवून त्यांच्यापर्यंत पोहोचवणे, हे माझे काम होते. 24 ऑक्टोबरला विधानसभेचे निकाल लागत होते, सगळ्यांचे लक्ष टीव्हीकडे होते, आणि त्याच दिवशी कोकणच्या पश्चिमेला कमी दाबाच्या क्षेत्राचे रूपांतर डिप्रेशनमध्ये, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीच्या टप्प्यात, झाले. हेच पुढे 'क्यार' चक्रीवादळ. ते आधी आमच्या किनाऱ्याच्या दिशेने सरकले, मग वळून ओमानकडे निघाले, आणि 27 तारखेला ताशी सुमारे 240 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह त्याने सुपर सायक्लोनची, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीची, तीव्रता गाठली. 2007 च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्राने असे वादळ पाहिले नव्हते.

28 तारखेला, पाडव्याच्या सकाळी, मी बंदरावर गेलो. आसऱ्याला आलेल्या होड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, त्यांत परराज्यांतल्याही होत्या. वादळ शेकडो किलोमीटर दूर गेले होते, तरी त्याने उठवलेल्या लांब लाटा किनाऱ्यावर येतच होत्या, आणि नुकतीच अमावास्या झाल्यामुळे भरतीही उधाणाची होती. पुळणीवर पाणी माडांच्या मुळांपर्यंत चढलेले दिसत होते. शेतातल्या कापणीला आलेल्या भाताची दशा याहून वाईट होती. आडव्या पडलेल्या लोंब्यांना पाण्यातच कोंब फुटत होते.

ओळखीचे एक वयस्कर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, जेट्टीवर दोर आवळत होते. त्यांनी मला थांबवून विचारले, "सायबानू, ह्या असा आता दरवर्षी होतला काय?"

मी जे उत्तर दिले, ते आजही मला सलते. मी त्यांना हिंद महासागरातल्या द्विध्रुवाविषयी सांगितले. एरवी या महासागराचे अधिक उबदार पाणी पूर्वेला, इंडोनेशियाच्या बाजूला असते. काही वर्षी विषुववृत्तावरचे वारे उलट्या दिशेने वाहू लागतात, सुमात्रा आणि जावाच्या किनाऱ्यालगत खोलवरचे थंड पाणी वर येते आणि पश्चिमेकडे, म्हणजे आफ्रिकेपासून अरबी समुद्रापर्यंत, पाणी नेहमीपेक्षा अधिक तापते. 1999 साली साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी ही रचना शास्त्रीय भाषेत मांडली. समुद्र ती त्याआधीपासूनच करत आला आहे. 2019 सालचा द्विध्रुव नोंदींमधल्या सर्वांत तीव्र घटनांपैकी एक होता, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर दोन टोकांच्या तापमानातल्या फरकाचा निर्देशांक 2 अंशांच्या वर गेला होता. हे निसर्गाचे चक्र आहे, दोन-तीन महिन्यांत ते मोडेल, पुढच्या वर्षी असे नसेल, असे मी त्यांना ठामपणे सांगितले.

त्यांनी मान डोलावली, पण समाधान झाले नसावे. पाण्याकडे बघत ते म्हणाले, "उधाण तर दर अमावाशेक येता. पण औंदा वारो त्याच्या पाठीर बसान इलो."

त्या संध्याकाळी पुढचा इशारा लिहिताना हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ते बोलत होते भरतीविषयी, पण माझ्या उत्तरात नेमके काय राहून गेले, ते त्यात होते. द्विध्रुव येतो आणि जातो हे खरेच, पण तो कोणत्या पाण्यावर येतो? उष्णकटिबंधीय हिंद महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान 1951 ते 2015 या काळात सुमारे 1 अंशाने वाढले. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र पोटात घेतात, आणि ही उष्णता द्विध्रुव मोडला म्हणून परत जात नाही. चक्राने दिलेली ऊब या आधीच चढलेल्या पातळीवर येऊन बसते, आणि वादळाला लागणारे उबदार पाणी अधिक खोलवर मिळते. शिवाय तापत्या जगात टोकाचे धन द्विध्रुव, म्हणजे 2019 सारखे पश्चिमेकडचे पाणी तापवणारे, अधिक वेळा येतील, असे हवामान प्रारूपे सांगतात. म्हणजे ज्याला मी निव्वळ निसर्गाचे म्हटले, त्या चक्रातही माणसाचा हात शिरतो आहे.

याचा अर्थ सगळा दोष तापमानवाढीवर टाकावा, असेही मला वाटत नाही. दोनच दिवसांनी, 30 ऑक्टोबरला, लक्षद्वीपजवळ 'महा' वादळ तयार झाले आणि अरबी समुद्रात एकाच वेळी दोन चक्रीवादळे फिरू लागली. त्या वर्षी या समुद्रात पाच चक्रीवादळे झाली, पण तितकीच 1902 सालीही नोंदली गेली होती. नुसती संख्या मोजून काही सिद्ध होत नाही. मला अधिक काळजी वाटते ती तीव्रतेची आणि वेळेची. पावसाळ्यानंतर अरबी समुद्रात अतितीव्र वादळे होण्याची शक्यता तापमानवाढीने वाढवली आहे, असा अभ्यास 'क्यार'च्या आधीच, 2014 चे 'निलोफर' आणि 2015 ची 'चपळा' व 'मेघ' ही वादळे पाहून, प्रसिद्ध झालेला होता. एका विशिष्ट वादळातला किती वाटा चक्राचा आणि किती आपला, हे तराजूत घालून जेट्टीवर सांगता येत नाही. पण एकाचे नाव घेऊन दुसरे गाळणे चूक होते, आणि ती चूक मी केली होती.

पुढे 3 जून 2020 ला 'निसर्ग' रायगड जिल्ह्यात धडकले, आणि मे 2021 मध्ये 'तौक्ते' आमच्याच किनाऱ्याला समांतर गेले. तेव्हा 2019 सारखा द्विध्रुव नव्हता. 'तौक्ते'नंतर मी त्या तांडेलांना शोधत गेलो, आणि तेव्हाचे माझे उत्तर अपुरे होते हे सांगून राहिलेले सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मला बोल लावला नाही. थोड्या वेळाने होडीकडे बघून म्हणाले, "मगे नांगराचो दोर आणखी जाड घेवक होयो."