सेरामपूरच्या मंडळीचा इतिहास : नोंद तिसरी

सेरामपूर म्हणजे बंगालमधलं, हुगळीच्या काठावरचं. आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण मागच्या नोंदीनंतर तिघांनी तेच विचारलं. आणि मंडळी म्हणजे विल्यम कॅरी हे इंग्रज मिशनरी आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे उभा केलेला ख्रिस्ती उपासकांचा समुदाय; पंथ बाप्टिस्ट, म्हणजे कळत्या वयात पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारा.

या महिन्यात आधी चित्रांची चाळणी केली. जमवलेल्या चित्रांपैकी जवळजवळ निम्मी बाजूला काढावी लागली. उंच मनोऱ्याचं, खांबांच्या ओसरीचं जे पांढरं चर्च सगळीकडे ‘कॅरीचं चर्च’ म्हणून दाखवतात ते सेंट ओलाव्ह. ते डेन्मार्कच्या लुथरन पंथाचं. सेरामपूरचे डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी ते बांधायला घेतलं आणि ते गेल्यानंतर, 1806 मध्ये पूर्ण झालं. कॅरी आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे उपदेश केले, पण बाप्टिस्ट मंडळीचा जन्म तिथला नाही. मंडळी जन्मली एका राहत्या घरात. जानेवारी 1800 मध्ये नदीकाठचं एक मोठं घर सहा हजार रुपयांना घेतलं गेलं, आणि 24 एप्रिलला तिथेच मंडळीची रीतसर स्थापना झाली. विल्यम कॅरी पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, झाले. उपासना, शाळा, जेवणाची पंगत, छापखाना, सगळं एकाच कुटुंबासारखं. प्रत्येकाची कमाई सामायिक तिजोरीत जायची. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरींना मिळणारा पगारसुद्धा.

ही वस्ती सेरामपुरातच का, याचं कारण सरळ आहे. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. सेरामपूर डॅनिश होतं. ऑक्टोबर 1799 मध्ये जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड हे मिशनरी आणि त्यांचे सोबती उतरले तेव्हा ओले बी यांनी त्यांना आसरा दिला. कॅरी तोवर मालद्याकडे निळीच्या कारखान्यावर होते; तेही मग इथे आले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो डिसेंबर 1800 वर. कृष्ण पाल नावाचा सुतार. त्याचा हात खांद्यातून निखळला, तो मिशनमधले डॉ. जॉन थॉमस यांनी बसवला आणि तिथून ओळख वाढली. 22 डिसेंबरला कृष्ण आणि त्याचा मित्र गोकुळ मिशनच्या पंगतीत उघडपणे जेवले. आज हे वाक्य वाचताना आपण सहज पुढे जातो, पण त्या दिवशी जात गेली ती त्या ताटावर. गावात बोभाटा झाला, जमावाने कृष्णाला डॅनिश अधिकाऱ्यासमोर नेऊन उभं केलं, आणि अधिकाऱ्याने त्याला सोडून दिलं. गोकुळ आणि घरच्या बायका तेवढ्यापुरत्या मागे सरल्या. 28 तारखेला, रविवारी, कॅरी एका बाजूला मुलगा फेलिक्स आणि दुसऱ्या बाजूला कृष्ण असे नदीत उतरले. दोघांनाही पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा दिला. गव्हर्नर काठावर होते आणि त्यांना अश्रू आवरले नाहीत, असं वॉर्ड लिहितात. त्याच दिवशी त्या आवारात कॅरींची पत्नी डोरोथी वेडाच्या भरात एका खोलीत होती, आणि कृष्णाचा हात बसवणारे थॉमससुद्धा भान हरपून दुसऱ्या खोलीत. मंडळीचा पहिला मोठा दिवस लिहिताना या दोन बंद खोल्या मी वगळणार नाही. बहुतेक वृत्तांतांत त्या नदीकाठच्या आनंदाखाली दबून जातात.

गोकुळ पुढे परत आला. 1803 मध्ये तो वारला तेव्हा त्याची शवपेटी कोणी उचलली बघा : मार्शमन, फेलिक्स कॅरी, एक पूर्वाश्रमीचा ब्राह्मण आणि एक पूर्वाश्रमीचा मुसलमान. एका मेलेल्या माणसाला हे चार खांदे रस्त्याने नेताना गावाने पाहिले. त्याच वर्षी कृष्ण पालच्या मुलीचं लग्न ब्राह्मण घरातून आलेल्या कृष्णप्रसादाशी झालं. माझ्या कालपटावर ही दोन पानं मी शेजारी शेजारी लावली आहेत. या मंडळीने काय केलं, याचं उत्तर मला सदस्यसंख्येपेक्षा इथे जास्त मिळतं.

आता छापखाना. सुरुवातीला मी त्याची वेगळी वही केली होती; ती या महिन्यात मोडून मुख्य वहीत घातली, कारण दोन्ही वेगळे राहतच नाहीत. बंगाली नवा करार 1801 मध्ये छापून झाला तेव्हा पहिली बांधलेली प्रत प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवून मंडळीने उपकारस्तुती केली. ज्यांचे ठसे, म्हणजे छपाईचे खिळे ज्यांवरून तयार होतात ते अक्षर कोरलेले पोलादी तुकडे, त्यामागे आहेत ते पंचानन कर्मकार. त्यांच्यानंतर जावई मनोहर यांनी ते काम चाळीसेक वर्षं चालवलं.

आणि इथेच आपली मराठी येते. कॅरींचं मराठी व्याकरण 1805 चं, देवनागरीत. व्यवहारात मोडी चालते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, प्रस्तावनेत ते तसं म्हणतातही. 1810 चा कोश मात्र मोडी खिळ्यांत आला. त्यामागे नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा होते. मराठी नवा करार 1811 चा.

कोशाची काही पानं मोठी करून रात्री उशिरापर्यंत बघत बसलो. मोडी लिहिताना आधी कागदभर रेघ ओढतात आणि अक्षरं तिला टांगत जातात, हात उचलायचाच नाही. खिळ्यात ते जमत नाही. प्रत्येक अक्षराला आपापला रेघेचा तुकडा असतो. काही ओळींत दोन तुकड्यांमध्ये केसाएवढी फट दिसते, पुढे जुळाऱ्याने नीट ठोकून बसवलेली ओळ सलग येते. बोरूची धाव पोलादात उतरवताना त्या कारागिराने काय खटपट केली असेल, ते त्या फटीत दिसतं. मला फार भरून आलं.

11 मार्च 1812 च्या आगीत छापखाना जळाला. कॅरी तेव्हा कलकत्त्यात होते. कागद, हस्तलिखितं, ओतलेले खिळे गेले, पण राखेखाली पोलादी ठसे शाबूत सापडले. वितळलेल्या धातूतूनच पुन्हा खिळे ओतायला घेतले.

1827 नंतर सेरामपूर आणि इंग्लंडमधल्या मूळ मिशनची दहा वर्षं ताटातूट झाली. तो भाग मी अजून फक्त तारखांनी भरला आहे. दोन्ही बाजूंची पत्रं वाचल्याशिवाय तिथे मत लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

पुढच्या नोंदीसाठी मार्शमन यांच्या पत्नी हॅना मार्शमन घेतल्या आहेत. त्यांच्या निवासी शाळेच्या फीवर हे सगळं घर बराच काळ चाललं, आणि माझ्या वहीत त्यांच्या नावाचं पान अजून कोरं आहे.