विलंबित म्हणजे किती विलंबित?

"तुमच्या या संगीतात प्रत्येक स्वर कागदावर लिहून ठेवलेला असतो ना? मग एकच रचना चौघांकडून कशासाठी ऐकायची?" पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताविषयी शेजारच्या सरांनी हा प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी विचारला. सरांनी सोलापुरात अनेक वर्षे शास्त्रीय गायन शिकवले. एकच बंदिश दोन गायकांकडून ऐकली की दोन निराळ्या इमारती दिसतात, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले आहे. पण लिहिलेल्या संगीतात वाजवणाऱ्याला स्वतःचे म्हणून काय उरत असेल, ही त्यांची शंका रास्त होती. त्या दिवसापासून रविवारी पहाटे, जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी, ऊन चढण्याआधी आणि पंख्याची गरज पडण्याआधी, मी, माझा आत्येभाऊ आणि सर असे तिघे एकेक रचना घेऊन तिची निरनिराळी ध्वनिमुद्रणे ऐकतो. सोलापुरात सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली अनेक भागांची रचना, समोर बसून ऐकण्याचा योग येत नाही. त्यासाठी रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम गाठावा लागतो. त्यामुळे आमच्यासाठी ध्वनिमुद्रण हीच खरी मैफल आहे.

सरांना उत्तर म्हणून मी सर्वांत आधी जर्मन रचनाकार बेटोव्हेनचा ए मायनर क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, त्याहून थोडा मोठा व्हायोला आणि चेलो अशा चार तंतुवाद्यांची रचना, ऑपस (रचनाक्रमांक) 132, लावला आणि त्यातही थेट तिसरा भाग. 1825 च्या वसंतात बेटोव्हेन पोटाच्या गंभीर आजाराने अंथरुणाला खिळला होता. त्यातून उठल्यावर त्याने हा भाग लिहिला आणि त्यावर बऱ्या झालेल्या माणसाने देवाला वाहिलेले, लिडियन स्वरपंक्तीतले कृतज्ञतागीत, अशा अर्थाचा मथळा घातला. लिडियन स्वरपंक्ती म्हणजे स्वरांपुरता पाहिला तर आपला कल्याण थाट: सगळे शुद्ध स्वर आणि मध्यम तेवढा तीव्र. सरांनी डोळे मिटून पाच मिनिटे ऐकले आणि म्हणाले, "मध्यम तीव्र आहे खरा, पण हा यमन नव्हे. यात षड्ज कुठे टेकतो तेच कळत नाही." हे निरीक्षण किती अचूक होते, याची प्रचिती मला पुढे प्रत्येक वेळी येत गेली. या स्तोत्रात एफ हा स्वर आधारस्वर आहे असे कागद सांगतो, पण कान वारंवार सी या स्वराकडे ओढला जातो, आणि त्या अधांतरी अवस्थेतच या संगीताचा प्राण आहे.

आता लयीचा प्रश्न. बेटोव्हेनने आपल्या पहिल्या अकरा क्वार्टेटना मेट्रोनोमचे, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे दिले, पण शेवटच्या क्वार्टेटना दिले नाहीत. या भागावर केवळ अतिशय सावकाश एवढीच सूचना आहे. चार वादकांनी आपापसांत ठरवायचे की अतिशय म्हणजे किती. आपल्याकडे विलंबित ख्यालाची लय जशी घराण्याप्रमाणे आणि गायकाच्या दमसासाप्रमाणे बदलते, तसेच हे आहे. बुश क्वार्टेटने 1937 मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणात हे स्तोत्र इतके सावकाश चालते की प्रत्येक ओळ पुढच्या ओळीची वाट पाहत थांबल्यासारखी वाटते. अॅडॉल्फ बुश हा जर्मन व्हायोलिनवादक. 1933 मध्ये नाझींनी ज्यूंवर बहिष्कार पुकारला तेव्हा त्याने आपल्या मायदेशात वाजवणेच बंद केले. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचेच संगीत मावत असे, म्हणजे हा एकच भाग अनेक तुकड्यांत मुद्रित करावा लागला. इतकी संथ लय तुकड्यातुकड्यांत वाजवूनही ती कुठे सुटलेली जाणवत नाही, याचे मला आजही नवल वाटते.

क्वार्टेटो इतालियानो या इटालियन संचाने फिलिप्स या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी 1967 ते 1975 या काळात बेटोव्हेनचे सगळे क्वार्टेट मुद्रित केले. त्यांचाही वेग संथच आहे, पण त्यांचा स्वर गोल, भरलेला आणि चारही वाद्यांत एकजीव झालेला आहे. सरांना तो पहिल्यांदा ऐकताच आवडला आणि अजूनही आवडतो. बुडापेस्टमध्ये 1975 साली स्थापन झालेल्या ताकाच क्वार्टेटचे या शतकाच्या सुरुवातीचे ध्वनिमुद्रण माझ्या आत्येभावाला प्रिय आहे, कारण त्यात स्वरांचे कंपन कमी ठेवले आहे आणि त्यामुळे स्तोत्राला चर्चमधल्या जुन्या समूहगायनाचा कोरडा, स्वच्छ पोत येतो. मला स्वतःला बुशच जवळचे वाटतात. स्तोत्राच्या मध्ये दोनदा येणाऱ्या, नवी शक्ती जाणवते आहे असे लिहिलेल्या डी मेजर या स्वरपंक्तीतल्या भागात बाकीचे दोन्ही संच अधिक डौलदार वाजतात, हे मी मान्य करतो. पण आजारातून उठलेला माणूस पहिल्या दिवशी डौलाने चालत नाही. बुश यांच्या वादनात ती शक्ती अजून पुरती भरवशाची झालेली नसते.

क्वार्टेटला आकडाच नाही म्हणून मतभेद होतात, असे कोणी म्हणेल. म्हणून पुढच्या बैठकीत पाचवी सिम्फनी घेतली. 1817 मध्ये बेटोव्हेनने आपल्या पहिल्या आठ सिम्फनींचे आकडे प्रसिद्ध केले. पाचवीच्या पहिल्या भागाला मिनिटाला 108 असा आकडा आहे, म्हणजे मिनिटाला 108 ठोके. संचालक जॉन एलियट गार्डिनर यांनी स्थापलेला जुन्या काळच्या वाद्यांचा वाद्यवृंद या आकड्याच्या जवळ जातो आणि तिथे संगीत खरोखर भेदरवणारे होते. जर्मन वाद्यवृंद-संचालक विल्हेल्म फुर्टवेंग्लर मात्र त्यापासून लांब राहतात. युद्धानंतर पुन्हा बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासमोर उभे राहिल्यावर, मे 1947 मध्ये टिटानिया पालास्ट या चित्रपटगृहात झालेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात लय एका जागी राहत नाही. ती ताणली जाते, दाटते आणि सुटते. सर हे ऐकताना प्रथमच सरसावून बसले आणि म्हणाले, "हा माणूस सम दाखवण्याआधी तिची वाट पाहायला लावतो."

संचालक कार्लोस क्लायबर यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह 1974 मध्ये मुद्रित केलेली पाचवी या दोघांच्या मधल्या जागेत उभी आहे, आणि एकच ध्वनिमुद्रण ठेवायचे झाले तर मी हेच ठेवीन. तिची धार पहिल्या चार स्वरांपासून जाणवते, तरी तिच्यात घाई नाही. त्यांचे वडील एरिख क्लायबर यांनी हीच सिम्फनी 1953 मध्ये अॅम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ वाद्यवृंदासह मुद्रित केली होती. दोन्ही लागोपाठ ऐकली की तालाची तीच घट्ट पकड दोन पिढ्यांत दिसते आणि आम्हा तिघांनाही घराणे हा शब्द सहज सुचला. तिसऱ्या भागाच्या अखेरीस टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांचे मंद ठोके चालू राहतात, तंतुवाद्ये चाचपडत वर सरकतात आणि चौथ्या भागाच्या पहिल्याच क्षणी, इतका वेळ गप्प बसलेले ट्रॉम्बोन, म्हणजे पितळी सुषिरवाद्ये, प्रथमच बोलतात. फुर्टवेंग्लर इथे अंधार जास्त दाट करतात. कार्लोस यांच्याकडे उजेड जास्त लखलखीत पडतो. दोन्ही एकाच कागदावरून आले आहे.

चेक रचनाकार द्वोर्झाकविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथे आमचे भांडण झालेच नाही. त्याने 1893 मध्ये न्यूयॉर्कमध्ये नवव्या सिम्फनीचे लेखन पूर्ण केले आणि त्याच उन्हाळ्यात आयोवातल्या (अमेरिकेतल्या) स्पिलव्हिल या गावी एफ मेजर क्वार्टेट लिहिला. त्या क्वार्टेटच्या आरंभी व्हायोलावर येणारी धून आणि सिम्फनीच्या दुसऱ्या भागातली कोर आंग्ले या सुषिरवाद्याची प्रसिद्ध धून, या दोन्ही पाच स्वरांच्या आहेत आणि भूप ऐकून मोठे झालेल्या कानाला त्या परक्या वाटतच नाहीत. सिम्फनीची माझी दोन आवडती ध्वनिमुद्रणे एकाच वर्षातली, 1961 मधली आहेत: संचालक कारेल आन्चेर्ल यांचे चेक फिलहार्मोनिकसह आणि इश्तवान केर्तेस यांचे व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह. केर्तेस उमदे आणि तेजस्वी आहेत. आन्चेर्ल साधे, कुठेही न रेंगाळणारे आहेत. ज्यांची पत्नी आणि मुलगा आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत मारले गेले, त्या माणसाने घराच्या ओढीची ही धून जराही न ताणता, सरळ पुढे नेलेली ऐकताना माझा गळा दाटून येतो.

मागच्या रविवारी सरांनी स्वतः होऊन पुन्हा ऑपस 132 मागितला, आणि इतालियानो नव्हे, बुश. शेवटी स्तोत्र तिसऱ्यांदा परत येते, तिथे बेटोव्हेनने अत्यंत आंतरिक भावनेने अशी सूचना लिहिली आहे. तो भाग संपला तेव्हा बाहेर चांगलेच उजाडले होते. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की स्वराच्या गोडीत इतालियानो अजून पुढे आहेत, पण दोन ओळींमधली जागा ऐकायची तर बुशकडेच यावे लागेल, आणि तेवढा भाग पुन्हा लाव.