तुम्ही विचारलंत म्हणून: ह्याला नेट लागतं का?

पुणे-मुंबई गाडीत खिडकीची सीट मिळाली की मी पिशवीतून माझा जोर्नाडा, म्हणजे कीबोर्डवाला जुना चिमुकला कॉम्प्युटर, काढते, मांडीवर उघडते आणि टाइप करत बसते, आणि लोणावळा यायच्या आत कुणीतरी विचारतंच, काकू हे काय आहे, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच, ह्याला नेट लागतं का, म्हणजे इंटरनेट जोडता येतं का? पहिल्याचं उत्तर एका वाक्यात होतं. दुसऱ्याला मी 'लागतं, पण...' एवढंच म्हणते आणि विषय बदलते, कारण त्या 'पण'मागे माझे तीन आठवडे गेलेत. इतक्या जणांनी विचारलंत म्हणून आज तो 'पण' पूर्ण सांगूनच टाकते.

आधी वस्तू. एचपी जोर्नाडा ७२०, २००० सालचा, बंद केला की कंपासपेटीपेक्षा जरा मोठा आणि चांगला जाडजूड, २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, ६४० बाय २४० चा आडवा पसरट स्क्रीन, आत विंडोज सीई, म्हणजे छोट्या यंत्रांसाठीचं विंडोज. बटण दाबलं की कर्सर लुकलुकत समोर हजर, वाट बघायला लावत नाही. मला जुन्या बाजारात एका रविवारी चार्जरसकट मिळाला, विकणाऱ्याला ती डिजिटल डायरी वाटत होती आणि मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. मी मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते, त्याचा कच्चा खर्डा ह्याच्यावर मस्त होतो. (मराठी नाही होत. देवनागरी फाइल उघडली की बर्फीच्या वड्या पाडल्यासारखे नुसते चौकोन.)

ह्याच्या आत वायफाय नाही, बाजूला पीसी कार्डाची खाच आहे, त्यात वायफायचं कार्ड घालायचं. इथेच पहिली ठेच. मित्राने उदार मनाने दिलेलं ५४ एमबीपीएसचं कार्ड आत जाईचना. मी दोनदा ढकलून बघितलं, मग सुचलं की कार्डाच्या टोकाला जी सोनेरी पट्टी आहे, बारीक बारीक उंचवटे असलेली, ती कार्डबसची खूण, म्हणजे ३२ बिटचं कार्ड, आणि जोर्नाडाला फक्त जुनं १६ बिटचं चालतं. त्या दोघांची कडेची खाचच वेगळी ठेवलेली असते म्हणून ते अडकतं, तेव्हा कृपा करून जोर लावू नका. मग त्याच मित्राच्या ड्रॉवरच्या तळातून ओरिनोको गोल्ड नावाचं कार्ड निघालं, ८०२.११बी ह्या जुन्या वायफायचं, ११ एमबीपीएस. हे सुर्रकन गेलं.

गेलं, आणि जोर्नाडा म्हणाला हे कार्ड कोण ते मला माहीत नाही, ड्रायव्हरचं (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचं) नाव तुम्हीच टाइप करा. साहजिक आहे. ड्रायव्हर शोधला, कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर टाकला, त्यावर टिचकी मारली, तर चालेना. फाइल एसएच३ प्रोसेसरची होती, जोर्नाडा ६८० वगैरे त्यावर चालायचे, ७२० ला आर्म प्रोसेसरची लागते, पेटीचं रंगरूप सारखं म्हणून फसायला होतं. आर्मची आणली, ती बसली, आणि बसल्यावर ती फाइल गायब! म्हटलं काय झालं, तर विंडोज सीईची सवयच ती, इन्स्टॉल झालं की ती इन्स्टॉलची फाइल (तिला कॅब म्हणतात) पुसून टाकायची, रीड-ओन्ली करून ठेवली तरच ठेवते. हे लक्षात ठेवा, कारण इथले सगळे प्रोग्राम रॅममध्ये राहतात, मोठी बॅटरी आणि आतली ती नाण्यासारखी सीआर २०३२ दोन्ही मेल्या की सगळं धुऊन निघतं आणि पुन्हा श्रीगणेशा. माझा दोनदा झालाय.

असो. आता कार्डावरचा दिवा लागला. आजूबाजूच्या नेटवर्कांची यादी आली, वरच्या मजल्यावरच्यांचं होतं, समोरच्या बिल्डिंगमधलं होतं, माझं नाही. राउटर माझ्यापासून चार फुटांवर टीव्हीच्या बाजूला. भाचा आला होता, तो कॉम्प्युटर इंजिनियर, त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "अगं मावशी, मेलंय ते कार्ड, फेकून दे." मी म्हटलं, "मेलंय तर वरच्यांचं कसं दिसतं रे?" तो म्हणाला अर्धवट मेलंय.

अर्धवट वगैरे काही मेलेलं नव्हतं. राउटरचं चॅनल, म्हणजे तो ज्या नंबरच्या पट्टीवर बोलतो ते, ऑटोवर होतं आणि त्याने स्वतःच्या मनाने १३ नंबर पकडला होता. आपल्याकडे १ ते १३ चालतात, पण हे कार्ड अमेरिकेत विकायला बनवलेलं, तिथला रिवाज १ ते ११, आणि तो कारखान्यातच कार्डात पक्का केलेला. बारा-तेराकडे ते कान देतच नाही. राउटरमध्ये जाऊन चॅनल ६ केलं, दोन मिनिटांत माझं नेटवर्क यादीत. भाच्याला फोटो पाठवला, त्याचा नुसता अंगठा आला.

पण जोडता येईना, कारण घरच्या राउटरला डब्ल्यूपीए२ हे वायफायचं नवं कुलूप आणि ह्या ड्रायव्हरला फक्त वेप हे जुनं कुलूप येतं, दुसरं काहीच नाही. आता घरचा राउटर वेपवर आणायचा म्हणजे घराचं दार उघडं टाकून गावाला जायचं. वेपमधल्या भेगा २००१ मध्येच उघड झाल्या होत्या आणि २००७ मध्ये जर्मनीत डार्मश्टाटच्या संशोधकांनी ते मिनिटभरात फोडून दाखवलं. शिवाय वेप लावलं की नवीन राउटर आपला वेगवान मोड सोडून ५४ एमबीपीएसवर उतरतो, घरातले बाकीचे मला जेवायला वाढणार नाहीत. म्हणून माळ्यावरचा जुना राउटर काढला, त्याला बाहेरचं नेट दिलंच नाही, फक्त माझा लॅपटॉप वायरने जोडला, आणि त्याच्यावर वेप. कुणी फोडलंच तर त्याला माझे भाषांतराचे खर्डे मिळतील, वाचू देत.

आणि इथे खरी गंमत, इथे माझे तीनातले दोन आठवडे गेले.

जोर्नाडाने नेटवर्क पकडलं. 'कनेक्टेड'. सिग्नल फुल, सगळ्या काड्या हिरव्या. आणि आयपी पत्ता (नेटवर्कमधला यंत्राचा नंबर) मिळेना. लॅपटॉप दिसेना. मी कार्ड काढून घातलं, ड्रायव्हर पुन्हा टाकला, रबराने कार्डाची टोकं पुसली, जोर्नाडा रिसेट केला, चार्जर लावून बघितलं (हे कार्ड बॅटरी फार खातं आणि गरमही होतं, तपासणी करताना चार्जर लावाच), राउटर पंख्याखाली ठेवला, का ते विचारू नका. प्रत्येक वेळी तेच, फुल सिग्नल आणि आत ठणठणाट. फुल सिग्नल बघून मी राउटरवर संशयच घेतला नाही, म्हटलं जोडलंय तर 'की', म्हणजे वेपच्या कुलपाची किल्ली, बरोबरच असणार ना. सगळा राग कार्डावर.

शेवटी एका रात्री कंटाळून वेप काढूनच टाकलं, कुलूप नाही काही नाही. आयपी लगेच आला. म्हणजे कार्ड धडधाकट, घोळ कुलपात.

झालं होतं असं. वेपमध्ये 'ओपन' पद्धतीने जोडताना राउटर की तपासतच नाही. या म्हणतो, बसा म्हणतो. की लागते ती नंतर, प्रत्येक पॅकेटला, म्हणजे पाठवलेल्या माहितीच्या प्रत्येक तुकड्याला. तुमचं पॅकेट तुमच्या कीने बंद होऊन जातं, राउटर त्याच्या कीने उघडायला बघतो, उघडलं नाही की गुपचूप टाकून देतो, चूक झाली असं कुणालाच कळवत नाही. मांडवाच्या दारात अत्तर लावून, गुलाबपाणी शिंपडून आत घेतलं आणि पंगतीत पानच मांडलं नाही, तशातला प्रकार. आणि त्या हिरव्या काड्या म्हणजे फक्त राउटरचा आवाज किती मोठा ऐकू येतो ते, तो तुमचं ऐकतोय का ते नाही.

मग की चुकली कुठे? राउटरच्या पानावर 'पासफ्रेज' अशी चौकट होती, त्यात मी शब्द टाकला आणि 'जनरेट' दाबलं. राउटरने त्या शब्दापासून स्वतःची एक २६ आकडी हेक्स की (० ते ९ आणि ए ते एफ वापरून लिहिलेली) बनवली, ती खाली बारीक अक्षरात लिहिलेलीही होती, मी चष्मा न लावता पुढे गेले. जोर्नाडात मी तोच शब्द टाइप केला, पण कार्ड शब्दातून काही बनवत बसत नाही, त्याला सरळ १३ अक्षरं लागतात आणि तीच अक्षरं म्हणजे की. माझा शब्द १२ किंवा १४ अक्षरी असता तर त्याने तिथल्या तिथे नकार दिला असता आणि मी वाचले असते. पण माझा शब्द होता 'थालीपीठतूप', आणि ते रोमनमध्ये thalipeethtup असं लिहिलं की बरोब्बर १३ अक्षरं होतात, मोजून बघा. घेतलं ना त्याने बिनतक्रार! राउटरवरची ती २६ आकडी की कागदावर उतरवली, जोर्नाडात आधी 'शून्य एक्स' लिहून (म्हणजे हे हेक्स आहे असं त्याला कळतं) एकेक आकडा ठोकला. आयपी आला. लॅपटॉप दिसला. रात्रीचा पाऊण, मी एकटीच स्वयंपाकघरात 'आला!' म्हणून ओरडले.

आता रोजचं काय करते, तर लॅपटॉपवर पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेतली एका ओळीची कमांड देऊन फोल्डर जोर्नाडासाठी उघडा करते, जोर्नाडाच्या ब्राउझरमधून शब्दांच्या याद्या उतरवून घेते, आणि एका छोट्या एफटीपी (फाइल पाठवायच्या) प्रोग्रामने खर्डा परत लॅपटॉपवर. काम झालं की राउटरचा प्लग काढते. खरं सांगायचं तर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड काढून रीडरला लावलं तरी हेच काम अर्ध्या मिनिटात होतं, हे भाच्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खरं नेट मात्र एकदा हौसेने लावून बघितलं, आजच्या बहुतेक सायटी एचटीटीपीएसवर, त्यांचं नवं कुलूप ह्या ब्राउझरला कळत नाही, पान उघडत नाही.

परवा गाडीत शेजारी एक कॉलेजची मुलगी होती, तिनेही तेच विचारलं, आणि मी 'लागतं, पण' म्हणायच्या आत म्हणाली, "काकू, हॉटस्पॉट देऊ?" म्हटलं अगं ह्याला तुझा पासवर्डवाला नाही चालत. तिने सेटिंगमध्ये शोधून सिक्युरिटी 'नन' केली, बँड २.४ केला, मी कार्ड खोचलं, यादीत तिचं नाव आलं आणि आयपीसुद्धा आला, धावत्या गाडीत, २००० सालच्या यंत्राला! आम्ही दोघी त्या आयपीकडे बघतच बसलो होतो तेवढ्यात समोरचे काका फोन वर करून म्हणाले, "अरे वा, गाडीत फुकट वायफाय सुरू झालं वाटतं," आणि तिने झटकन बंद करून टाकलं.